शत्रूच्या यानात आपला माणूस: अंतराळातल्या पेचप्रसंगाची कथा कशी रचावी

दोन यानं अंतराळात समोरासमोर उभी आहेत. दोघांचीही शस्त्रं सज्ज आहेत आणि पहिला वार कोणीच करत नाहीये. शत्रूच्या यानात, शत्रूच्या गणवेशात, आपला एक माणूस आहे. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा ताणलेला प्रसंग क्वचितच मिळतो. तरी अशा कथा वाचताना बहुतेक वेळा एकच प्रश्न पुढे केलेला दिसतो: हा पकडला जाईल का?

तो प्रश्न कुठल्याही हेरकथेत असतो. इथे त्याहून मोठं काहीतरी आहे. आपल्याच लोकांनी ज्या यानावर नेम धरलाय, त्याच यानात हा बसलाय. बाण सुटला तर तो मित्राचा असेल. आणि तो सुटू नये यासाठी दोन्हीकडच्या माणसांत एकट्या यालाच काही करता येण्यासारखं आहे, कारण समोरच्याच्या मनात काय चाललंय हे त्याला आतून दिसतंय. कथा या जागेवर उभी करायची असेल तर लिहायला बसण्याआधी काही गोष्टी पक्क्या ठराव्या लागतात. त्या मी ज्या क्रमाने ठरवतो, त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: अंतर आणि घड्याळ

सुरुवात पात्रापासून करू नका, अंतरापासून करा. दोन यानांमध्ये किती किलोमीटर आहेत यावर बाकी सगळं ठरतं. प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो आणि रेडिओ संदेशही त्याच वेगाने जातो. यानं ३ लाख किलोमीटरवर असतील तर तुम्ही धमकी दिल्यावर उत्तर यायला किमान दोन सेकंद लागतील. संभाषण जमतं, पण प्रत्येक वाक्यामागे एक अवघडलेला थांबा येतो. अंतर १ कोटी ८० लाख किलोमीटर केलंत तर संदेश एका बाजूने जायलाच एक मिनिट लागतं. तिथे संवाद संपतो आणि पत्रव्यवहार सुरू होतो. मंगळ आणि पृथ्वी यांच्यात हाच वेळ साधारण ३ ते २२ मिनिटं असतो.

आता शस्त्रं. लेझर असेल तर ३ लाख किलोमीटरवरून तो एका सेकंदात पोहोचतो आणि त्याच्याआधी कसलीही सूचना पोहोचू शकत नाही. क्षेपणास्त्र सेकंदाला ५० किलोमीटर वेगाने निघालं तर तेच अंतर कापायला ६००० सेकंद लागतात, म्हणजे १ तास ४० मिनिटं. मी नेहमी क्षेपणास्त्र निवडतो. त्या शंभर मिनिटांत हेराला कळलेलं असतं की आपल्या बाजूने बाण सोडलाय. आजूबाजूची माणसं धावपळ करत असतात आणि त्यालाही त्यांच्याबरोबर धावावं लागतं. लेझरने ही शंभर मिनिटं हातची जातात.

हे आकडे कथेत छापायची गरज नाही. ते तुमच्या वहीत असू द्या. पण एकदा ठरवलेत की मोडू नका. पहिल्या प्रकरणात दोन सेकंदांचा उशीर असेल तर शेवटच्या प्रकरणात कप्तान समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडू शकत नाही.

लपण्याचंही इथेच उरकून घ्या. अंतराळाची पार्श्वभूमी सुमारे २.७ केल्व्हिन इतकी थंड आहे आणि माणसं असलेलं यान जवळपास ३०० केल्व्हिनवर, म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअसवर असतं. त्या काळोखात ते अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) दुर्बिणीला शेकोटीसारखं दिसतं. म्हणून यानं एकमेकांना दिसत नसल्याचा डाव मांडू नका. दोघांनाही एकमेकांचं शरीर दिसतं, हेतू दिसत नाही, आणि पेच त्यातूनच तयार होतो.

दुसरी पायरी: यान राहतं करा

लांबलचक चकचकीत मार्गिका, रिकामी दालनं, कोणाची चाहूल नाही, अशा यानात हेर फार सुखात राहील. खरं यान गजबजलेलं असतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक टोकापासून टोकापर्यंत सुमारे १०९ मीटर आहे, पण त्यातला बराचसा भाग सौरपंखे आणि सांगाडा आहे. माणसांनी वावरण्याची जागा ३८८ घनमीटर. पंखे सतत चालू असतात, कारण वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही. पंखा थांबला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा ढग साचतो. तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड पृथ्वीवरच्या हवेच्या साधारण दहापट असतो आणि काहींचं त्याने डोकं दुखतं.

यातून कथेला काय मिळतं? पंख्यांची घरघर बदलली की झोपेतही माणसं जागी होतात. कोणाची पावलं ऐकू येत नाहीत, पण कोणाला खोकला झालाय हे सगळ्यांना माहीत असतं. गुपित ठेवायला इथे बंद दार पुरत नाही. चेहरा सांभाळावा लागतो.

बंद डब्यातल्या पेचाचं सगळ्यात जवळचं खरं उदाहरण समुद्राखालचं आहे. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात पेच पेटला असताना, २७ ऑक्टोबर १९६२ रोजी, क्यूबाजवळ अमेरिकी युद्धनौकांनी सोव्हिएत पाणबुडी बी-५९ हिला वर यायला भाग पाडण्यासाठी सरावाचे स्फोटक गोळे टाकले. आत उष्णता असह्य झाली होती, बॅटऱ्या उतरत आल्या होत्या, मॉस्कोशी संपर्क नव्हता. वर युद्ध सुरू झालंय की नाही, हे आतल्या कोणाला कळायला मार्ग नव्हता. पाणबुडीवर अण्वस्त्र बसवलेला एक टॉर्पेडो होता. कप्तान सावित्स्की तो सज्ज करण्याच्या गोष्टी बोलू लागले आणि वासिली आर्खिपोव या अधिकाऱ्याने त्यांना शांत केलं. पाणबुडी पृष्ठभागावर आली. कथा लिहिण्याआधी या प्रसंगाचा सावकाश विचार करा. आतली माणसं दुष्ट नव्हती. ती घामाने भिजलेली, थकलेली होती आणि बाहेरून येणारा प्रत्येक दणका त्यांना युद्धासारखा ऐकू येत होता. शत्रूचं यान असंच लिहा.

तिसरी पायरी: हेराला खरं काम द्या

चोरून शिरलेला, हवेच्या नळीत लपून बसलेला हेर विसरा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. यानात ते श्वासाचं आणता येत नाही. माणूस दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू घेतो आणि साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चाळीस माणसांच्या यानात एक जास्तीचा माणूस म्हणजे हवेच्या हिशोबात अडीच टक्क्यांची वाढ. जीवरक्षक यंत्रणा सांभाळणाऱ्याला ती दोन दिवसांत दिसेल. म्हणून हेराचं नाव यादीत असायलाच हवं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे दोन मोठे वर्ग केले आहेत: एका जागी राहून काम करणारे ‘संस्था’ आणि फिरते ‘संचार’. आपल्याला संस्था वर्गातला हवा. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस हे त्यातले पाच प्रकार. यांपैकी काहींना स्वतःचा उद्योग आहे आणि तो उद्योग ते खरोखर करतात. वैदेहक व्यापार करतो, गृहपतिक शेती करतो. यानातल्या हेरानेही आपलं काम असंच करायला हवं. त्याने दुरुस्त केलेला पंप खरोखर चालला पाहिजे. वर्षानुवर्षं त्याने या लोकांना जिवंत ठेवण्यात हातभार लावलाय. नेमका हाच भार पेचाच्या दिवशी त्याच्या छातीवर येतो.

काम निवडताना विचारा: या जागेवरून काय दिसतं? शस्त्र विभागातल्याला शस्त्रांची संख्या कळते. वैद्यकीय सहायकाला कप्तानाने तीन रात्री झोपेची गोळी मागितली हे कळतं. शीतन विभागातल्याला कुठल्या यंत्रणेची उष्णता वाढतेय हे कळतं, म्हणजे क्षेपणास्त्रांचे कप्पे खरंच तापवले जाताहेत की नुसती धमकी आहे, तेही. मला शेवटचं सगळ्यात आवडतं. पुढच्या उदाहरणासाठी आपली हेर याच विभागातली तंत्रज्ञ आहे असं धरू. तिला इथे सहा वर्षं झाली आहेत. तिचा प्रमुख चिडका पण तिच्यावर विसंबणारा आहे.

चौथी पायरी: बातमी कोणती, ते ठरवा

बहुतेक कथा इथे घसरतात. हेर नकाशा चोरतो, संकेतशब्द चोरतो, शस्त्राचा कच्चा दुवा शोधतो. पेच सुरू होण्याआधी हे सगळं मोलाचं असतं. पेच सुरू झाल्यावर प्रश्न बदलतो. त्यांच्याकडे काय आहे, हे बाहेरून दिसतंच आहे. ते वापरणार आहेत का, हे मात्र दिसत नाही.

इतिहासात दोन्ही प्रकारचे हेर आहेत. सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्यातले कर्नल ओलेग पेन्कोव्स्की यांनी पाश्चात्त्यांना क्षेपणास्त्रांची माहितीपत्रकं पुरवली. क्यूबातल्या तळांची छायाचित्रं समजून घेताना त्यांचा उपयोग झाला. ही क्षमतेची बातमी. त्यांना २२ ऑक्टोबर १९६२ रोजी अटक झाली, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाविषयी जाहीर भाषण केलं त्याच दिवशी. पेच जिथे चढायला लागला, तिथेच आतला डोळा मिटला. कथाकाराने हे लक्षात ठेवावं.

दुसरं उदाहरण ओलेग गोर्डिएव्हस्की यांचं. ते केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेच्या लंडन कार्यालयात होते आणि गुप्तपणे ब्रिटिशांसाठी काम करत होते. पाश्चात्त्य राष्ट्रं अचानक अणुहल्ला करतील या भीतीपोटी मॉस्कोने आपल्या माणसांना त्याची लक्षणं टिपायला लावलं होतं. रात्री सरकारी कचेऱ्यांत किती दिवे जळतात, हेसुद्धा त्यात आलं. ही भीती दिखाऊ नाही, खरी आहे, हे गोर्डिएव्हस्कींनी ब्रिटिशांना कळवलं. नोव्हेंबर १९८३ मधल्या नाटोच्या ‘एबल आर्चर’ या सरावाच्या काळात ही बातमी कुठल्याही आराखड्यापेक्षा महत्त्वाची होती. समोरचा माणूस घाबरलेला आहे, हे तिच्यातून कळत होतं.

तुमच्या हेराची बातमी अशीच असू द्या. एका वाक्यात मावणारी. ‘कप्तान डागणार नाही, पण तुम्ही आणखी जवळ आलात तर डागेल.’ हे वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. हे बाहेर पोहोचतं की नाही, हीच कथा.

पाचवी पायरी: बातमी बाहेर काढा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. यानाचं कवच धातूचं असेल तर आतला छोटा रेडिओ बाहेर ऐकू जात नाही, आणि गेलाच तर यानाचे स्वतःचे अँटेना तो आधी टिपतील. गुप्त ट्रान्समीटर खिशातून काढून कुजबुजणारा हेर अर्ध्या मिनिटात पकडला जाईल. म्हणून यान आपण होऊन जे बाहेर टाकतं, त्याच्यावर निरोप चढवायचा. यान सतत एक गोष्ट टाकत असतं: उष्णता. निर्वातात उष्णता वाहून न्यायला हवा नसते, त्यामुळे ती उत्सर्जनानेच घालवावी लागते. अंतराळ स्थानकावर अमोनिया खेळवलेले मोठे रेडिएटर आहेत आणि ते ७० किलोवॅटपर्यंत उष्णता बाहेर टाकू शकतात. युद्धयानावर ते याहून कितीतरी मोठे असतील.

आता आपल्या तंत्रज्ञाच्या हाताकडे जवळून पाहू. यानाच्या दोन कुशींना दोन रेडिएटर आहेत. डावा आपल्या यानाकडे तोंड करून आहे, उजवा मोकळ्या अंतराळाकडे. दोन्हींमध्ये शीतक वाटून देणारी एक झडप आहे. तिने ती थोडी उजवीकडे वळवली की डाव्या रेडिएटरचा पत्रा हळूहळू थंड होतो. उत्सर्जन केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. पत्रा ३०० वरून २९० केल्व्हिनवर आला की त्याची चमक सुमारे १३ टक्क्यांनी उतरते. साधारण १० मायक्रोमीटर तरंगलांबीला पाहणाऱ्या आपल्या दुर्बिणीला हा फरक सहज कळेल. आणि यानाच्या मुख्य पटलावर? तिथे एकूण बाहेर गेलेली उष्णता तेवढीच दिसते, कारण डावीकडे कमी झालं ते उजवीकडे वाढलं.

पत्रा लगेच थंड होत नाही. एका संकेताला वीस मिनिटं धरा: थंड म्हणजे शून्य, गरम म्हणजे एक. तासाला तीन, आठ तासांच्या पाळीत चोवीस. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक संकेत तीनदा पाठवायचा, म्हणजे हातात उरले आठ. आठ संकेतांतून २५६ वेगवेगळे निरोप होतात. वाक्य पाठवता येत नाही, आधीच ठरलेल्या यादीतला क्रमांक पाठवता येतो. सहा वर्षांपूर्वी ती यादी बनवताना आजचा प्रसंग कोणाच्या डोळ्यांसमोर असेल का? तिला जे सांगायचंय त्याच्या जवळात जवळचं वाक्य यादीत १४१ क्रमांकावर आहे आणि ते नेमकं तेच म्हणत नाही. मला हा क्षण कुठल्याही पाठलागापेक्षा भारी वाटतो. तो असा लिहिता येईल:

‘ती झडपेवर हात ठेवून उभी राहिली. धातू थंड होता, तळवा ओला. अकरावा संकेत. मागून प्रमुखाचा आवाज आला, “डावा पत्रा पुन्हा उतरलाय बघ. काय चाललंय?” “गाळणी तुंबतेय,” ती म्हणाली. “साफ करतेय.” “कर पटकन. आज काही बिघडायला नको, पोरी.” त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तो पुढे तरंगत गेला. अजून तेरा संकेत. चार तास वीस मिनिटं.’

परतीचा इशाराही हवा. निरोप पोहोचला, हे तिला कळायचं कसं? तो जितका साधा तितका बरा. मॉस्कोतून सुटकेची वेळ आली तेव्हा गोर्डिएव्हस्कींनी ठरलेल्या रस्त्यावर एका ठरावीक दुकानाची प्लास्टिकची पिशवी हातात घेऊन उभं राहायचं होतं, आणि उत्तर म्हणून ब्रिटिश वकिलातीतला माणूस चॉकलेट खात समोरून जाणार होता. आपल्या कथेत आपलं यान बाहेरच्या दिशादीपाची उघडझाप एकदाच वेगळी करेल. शत्रूच्या सगळ्या पडद्यांवर ती दिसेल, अर्थ मात्र एकटीलाच कळेल.

सहावी पायरी: पलीकडचं टोक विसरू नका

निरोप पोहोचला म्हणजे काम झालं, असं नाही. अर्थशास्त्रातला नियम आहे की तीन हेरांचं सांगणं जुळलं तर विश्वास ठेवावा. आपल्या कप्तानाकडे एकच हेर आहे. ती फुटली असेल तर? तिच्या नावाने दुसराच कोणी झडप फिरवत असेल तर? १४१ क्रमांक नीट कळला, पण चौथ्या संकेताला तीनपैकी एकदा गडबड झाली. ती भीतीने झाली की मुद्दाम केली?

इथे कथा काही पानं आपल्या यानावर न्या, पण मोजकीच. तिला ओळखणारा एक माणूस तिथे ठेवा, ज्याने तिला शिकवलं होतं. तो म्हणेल की ती फुटली असती तर तिने संकेत चुकवला नसता, उलट अगदी बिनचूक पाठवला असता. एवढ्या पुराव्यावर कप्तानाने निर्णय घ्यायचाय.

सातवी पायरी: ताण चढवताना

पेचात बिघाड नुसता बिघाड राहत नाही. समोरचा उभा असताना फ्यूज उडाला तरी तो घातपात वाटतो. म्हणून हेराला शस्त्रयंत्रणा बिघडवण्याचा मोह दाखवा, पण ते करायला लावण्याआधी थांबा. तिने क्षेपणास्त्रांच्या कप्प्याचं शीतन तोडलं तर कप्तानाला काय वाटेल? हल्ला सुरू झाला, हातात आहे तोवर डागा. जे टाळायला ती बसलीये, तेच तिच्या हाताने होईल. हे तिला कळलेलं असतं, पण बाहेरच्या तिच्या वरिष्ठांना कळलेलं नसतं. त्यांनी तिला तोच आदेश दिला तर? आदेश मोडण्याचं कारण ती २५६ निरोपांत सांगू शकत नाही.

वेग कमी ठेवा. १९६२ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं २६ ऑक्टोबरचं लांब पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचून उलगडायला जवळपास बारा तास गेले. त्यानंतरच्या वर्षी दोन्ही राजधान्यांमध्ये थेट दुवा बसवला गेला. खऱ्या पेचात माणसं बहुतेक वेळ वाट पाहत असतात. पाळी बदलते, कोणीतरी झोपायला जातं आणि झोप लागत नाही, कोणीतरी घरी पाठवायचा निरोप लिहून तसाच ठेवून देतं. हे सगळं तिच्या नजरेतून दाखवा. सहकारी तिच्याशी जितके प्रेमाने वागतील तितकी झडप जड होत जाईल.

चौकशीचं दृश्य टाकायचंच असेल तर एकच टाका, तेही लहान. धमक्या नकोत. प्रमुखाने तिच्यासमोर फक्त गाळणी काढून धरावी. गाळणी स्वच्छ आहे.

आठवी पायरी: पेच सोडवताना

२७ ऑक्टोबर १९६१ रोजी पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या सीमेवरच्या चेकपॉइंट चार्ली या नाक्यावर अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे एकमेकांसमोर येऊन उभे राहिले, मधलं अंतर जेमतेम शंभर मीटर. सुमारे सोळा तास ते तसेच होते. मग एक सोव्हिएत रणगाडा थोडा मागे सरकला. थोड्या वेळाने एक अमेरिकी रणगाडा मागे सरकला. मग पुन्हा एक इकडचा, एक तिकडचा. कोणी जिंकलं नाही, कोणी भाषण केलं नाही.

तुमचा शेवटही असाच सोडवा. आपलं यान काही किलोमीटर मागे येतं. शत्रूच्या पडद्यावर तो आकडा दिसतो आणि कोणालाच त्यावर विश्वास बसत नाही. कप्तान बराच वेळ बघत राहतो, मग एका कप्प्याचं तापमान उतरवायला सांगतो. तो आदेश शीतन विभागात येतो, म्हणजे तिच्याकडे. अर्ध्या तासाने समोरचं यान आणखी थोडं मागे सरकतं. दिशादीप एकदाच वेगळा लुकलुकतो.

सुटकेचं नाट्य मी इथे घालत नाही. शत्रूचं यान वळून आपल्या तळाकडे निघतं आणि ती त्यातच असते. तळ चार महिन्यांवर आहे. झडपेच्या प्रत्येक हालचालीची नोंद यानाच्या स्मृतीत वेळेसकट पडलेली आहे: चोवीस संकेतांची सगळी वळणं, वीस मिनिटांच्या पटीत. आणि ती स्वच्छ गाळणी प्रमुखाने अजून फेकून दिलेली नाही, आपल्या कप्प्यात ठेवलीये. शेवटच्या दृश्यात तो तिला पुढच्या पाळीची यादी देतो. यादीत तिचं नाव नेहमीच्याच जागी आहे, आणि तिच्या नावासमोर त्याने स्वतःचं नाव लिहिलंय.